बरोबरीत सोडवलेली कुस्ती

संपादकांनी यंदा विषय दिला तो खेळातल्या माणुसकीचा. पदकं, विक्रम आणि बक्षिसांचे आकडे वर्षभर वर्तमानपत्रांत येतातच; दिवाळी अंकात त्यापलीकडचं काही यावं, अशी त्यांची इच्छा होती. मी कळंबला जायचं ठरवलं. धाराशिव जिल्ह्यातला मांजरा नदीकाठचा हा तालुका. नदी ओलांडली की बीड जिल्ह्यातला केज. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तेच सोयाबीन, तोच बेभरवशाचा पाऊस आणि दिवाळी सरली की ऊसतोडीला निघणारे तसेच ट्रॅक्टर. आणि दोन्हीकडे मातीत मुरलेले दोन खेळ: खो-खो आणि कुस्ती.

एक खेळ संघाचा, दुसरा एकट्याचा. तरी दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसते. समोरच्याला आणि सोबतच्याला सांभाळून घेण्याची रीत इथे खेळाच्या पोटातच आहे. सामना संपल्यावर दाखवायचा तो मोठेपणा नाही, खेळताना रोज करायचं ते काम आहे. कुणीतरी ती रीत घालून दिली, पुढच्यांनी पाळली, म्हणून ती टिकली. पाळणारे कमी झाले तर ती जाईलही. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच.

बसलेल्या आठ जणी

संध्याकाळी पाचच्या सुमारास कळंबमधल्या एका शाळेच्या मैदानावर मुली जमू लागतात. मैदान त्याच झाडतात. खडे वेचून बाजूला टाकतात, पाणी शिंपडतात, मग फक्की टाकून पट्ट्या आखतात. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पट्टी, तिच्यावर आठ चौकोन. 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद एवढ्या जागेत सगळा खेळ.

शाळा सुटल्यावर ज्यांचा खो-खो सुटला, त्यांच्यासाठी नियमांची थोडी उजळणी. पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ जणी मैदानात असतात. आठ जणी चौकोनांत बसतात, एकीचं तोंड या बाजूला, तिच्या शेजारणीचं त्या बाजूला. नववी धावते. समोरच्या संघाच्या तिघी एका वेळी पळायला उतरतात. पळणारीला सगळी मोकळीक. बसलेल्यांच्या मधून ती कशीही नागमोडी निसटू शकते. पाठलाग करणारीला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. त्यामुळे एकटीच्या पायांवर गडी मिळणं फार कठीण. तिने बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून ‘खो’ द्यायचा, स्वतः तिच्या जागेवर बसायचं आणि पाठलाग तिच्या हवाली करायचा.

सरावात एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती. पायाला विलक्षण वेग. पण धावायला लागली की खो द्यायचं विसरायची. पळणारी दोन हातांवर दिसायची, आणखी एक झेप घेतली की मिळालीच असं वाटायचं. ती झेप घ्यायची, पळणारी पट्टीपलीकडे निघून जायची आणि बसलेल्या आठ जणी नुसत्या बघत राहायच्या. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा शिक्षकांनी शिट्टी वाजवली. ते रागावले नाहीत. तिला मधल्या चौकोनात बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, या डावात हिला कुणी खो द्यायचा नाही.

बसणं म्हणजे मांडी घालून बसणं नव्हे. एक पाय पुढे, एक मागे, हातांची बोटं जमिनीला टेकलेली, टाचा उचललेल्या, पाठीवर हात पडला की त्याच क्षणी सुटायचं, अशी ती बैठक असते. अख्खा डाव ती मुलगी तशी बसून राहिली. शेजारून धावणारीची धूळ तिच्या तोंडावर येत होती. प्रत्येक वेळी पाठीमागे पावलं वाजली की तिचे खांदे ताठ व्हायचे आणि खो दुसरीलाच मिळायचा. डाव संपला तेव्हा तिच्या मांड्या भरून आल्या होत्या.

“बसणाऱ्याला काय वाटतं, कळलं का गं?” शिक्षकांनी एवढंच विचारलं.

पुढच्या डावात तिने तिसऱ्या पावलाला खो दिला. तिने ज्या मुलीला उठवलं ती तिच्यापेक्षा हळू धावणारी होती, पण जागा बरोबर होती. गडी बाद झाला. टाळ्या उठवलेल्या मुलीला मिळाल्या, आणि जिने खो दिला तीही बसल्या जागेवरून टाळ्या वाजवत होती.

पळणाऱ्या तिघींचंही तसंच. एकीला दम लागला की दुसरी मुद्दाम पाठलाग करणारीच्या समोरून जाते, तिला आपल्या मागे ओढते. बाहेर बसलेल्या मुली ओरडत असतात, “घे गं तिला अंगावर, हिला दम खाऊ दे!” सोबतिणीच्या श्वासासाठी धोका आपल्या अंगावर घ्यायचा, हे या वयात त्यांच्या पायांना सवयीचं झालेलं असतं.

एकीने खांबाजवळ सूर मारला आणि कोपर सोलवटून घेतलं. जिला तिने बाद केलं होतं, तीच आधी वाकली. तिने बाटलीतलं पाणी कोपरावर ओतलं, फक्की आणि माती धुऊन काढली आणि मग आपल्या संघाकडे गेली. कुणी त्याकडे विशेष लक्ष दिलं नाही, कारण त्या मैदानावर ते रोजचंच होतं.

एकवेळच्या जेवणावर उभी राहिलेली कर्णधार

धाराशिवच्या मुलींचा खो-खोमध्ये जो दबदबा आहे, त्यामागे असंच वर्षानुवर्षांचं सांभाळणं आहे. सारिका काळे हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. 2016 साली गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार 22 वर्षांनी आला होता. त्या वेळी तिने सांगितलं की जवळपास दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवून खेळत होती. 2016 मध्ये घरच्या अडचणींमुळे तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिचे प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत काढली आणि ती मैदानावर परतली. पुढे ती क्रीडा अधिकारी झाली.

ही कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण खेळ सोडायला निघालेल्या मुलीजवळ बसून तिचं ऐकून घेणारं माणूस तिथे होतं, हेही त्या कथेत तितकंच महत्त्वाचं आहे. या भागात मुलगी खेळ सोडते ती बहुधा हरल्यामुळे नाही. सोडते ती शेवटची एसटी चुकते म्हणून, बूट फाटले म्हणून, आईवडील सहा महिने कारखान्यावर गेले की धाकट्या भावंडांना बघायचं म्हणून, किंवा लग्न ठरलं म्हणून. अशा वेळी तिला टिकवतं ते आजूबाजूचं माणूस. मोठ्या मुलीने आपले जुने बूट धाकटीला दिलेले असतात. आजीकडे राहिलेल्या मुलीचा डबा दुसरीच्या घरून येतो. सराव लांबला तर कुणाचे तरी वडील मोटारसायकलवरून दोघी-तिघींना गावापर्यंत सोडतात. गुणफलकावर यातलं काहीच दिसत नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती, आणि कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची नदीपलीकडच्या केज तालुक्यातली. 1914 च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाचे नियम बसवले, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्याचं प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांना दाखवलं, तो आता मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात खेळला जातो. वेग वाढला, गुण मोजायची पद्धत बदलली. पाठीला हात लावून आपली धाव दुसरीला द्यायची, हा गाभा मात्र बदललेला नाही.

समोरच्याच्या अंगावरची माती

चैत्री पौर्णिमेला कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे निघते आणि चुनखडी वेचायला अलोट गर्दी लोटते. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या गावोगावच्या जत्राही सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडते, माणसं गोल करून बसतात, आणि सगळ्यात आधी मातीत उतरतात ती सात-आठ वर्षांची पोरं. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग इनाम चढत जातं आणि शेवटी मानाची कुस्ती लागते.

आधी जोड लावली जाते. हे काम जुन्या जाणत्यांचं. वय, वजन, उंची, तालीम, मागच्या फडात काय झालं, सगळं बघून ते दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. कुणी दांडगा गडी लहानखुऱ्या पोराबरोबर उभा राहायला लागला तर फडातूनच आवाज येतो, “जोड न्हाई ही, सोडा!” मागच्या वर्षी चांगला खेळलेला पोरगा या वर्षी आजारपणातून उठला असेल, तर त्याला हलकी जोड देतात. लोकांना निकाल हवा असतो, पण कुणाची मोडतोड झालेली नको असते.

जोड लागली की दोघे वाकतात, माती कपाळाला लावतात. मग तीच माती उचलून स्वतःच्या अंगाला चोळतात आणि समोरच्याच्याही खांद्यावर, पाठीवर टाकतात. तालमीतली ही तांबडी माती, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली. घामाने निसरड्या झालेल्या अंगावर ती पडली की पकड बसते. म्हणजे मल्ल आपल्या अंगाला माती लावतो ती समोरच्याची पकड आपल्यावर नीट बसावी म्हणून, आणि त्याच्या अंगावर टाकतो ती आपली बसावी म्हणून. झटापटीच्या आधी दोघेही एकमेकांना संधी देऊन टाकतात. त्यानंतर जे होतं त्यात दयामाया नसते, आणि नसावीही.

बरोबरी

तुल्यबळ जोड असली की कुस्ती लांबते. खडाखडी होते, एक पट काढायला जातो, दुसरा सावध असतो, एक खाली जातो, पुन्हा उठतो. वीस मिनिटं होतात, पंचवीस होतात. दोघांच्या छात्या भात्यासारख्या हलत असतात. अशा वेळी पंच पुढे येतात, दोघांना वेगळं करतात आणि दोघांचेही हात वर करतात. कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम दोघांत निम्मं-निम्मं. फडातले काही लोक कुरकुर करतात, त्यांना चितपट बघायचं असतं. पण म्हातारी माणसं मान हलवतात. दोन्ही पोरं घाम पुसत एकाच बादलीतलं पाणी पितात.

1 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीच्या अंतिम फेरीत कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जियानमार्को तांबेरी दोघेही 2.37 मीटरवर थांबले. 2.39 मीटरला दोघांचे तिन्ही प्रयत्न फसले. अधिकाऱ्याने निर्णायक उडीबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा बर्शिमने विचारलं, दोघांना सुवर्ण देता येईल का? देता येत होतं. तांबेरीने त्याला मिठी मारली. दोघेही मोठ्या दुखापतींतून उठून आले होते, आणि त्या काळात एकमेकांना धीर देत होते. जगभर त्या प्रसंगाचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. मात्र कळंबच्या परिसरातल्या कुठल्याही जुन्या वस्तादाला ते सांगितलं, तर त्याला त्यात नवल वाटणार नाही. दोघांनी सारखी ताकद लावली असेल तर दोघांचा मान सारखा, हा निवाडा त्याच्या फडात पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे.

आताच्या स्पर्धांमध्ये बरोबरीला जागा राहिलेली नाही. घड्याळ आहे, गुण आहेत, कुणी तरी एक पुढे जायलाच हवा. मोठ्या स्पर्धेला ते आवश्यक असेल. पण गावच्या फडाला कुठे पुढच्या फेरीत माणूस पाठवायचा असतो? तिथे ही रीत जपायला काहीच अडचण नाही.

खांद्यावर घेतलेला जोडीदार

7 जानेवारी 2020. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती. गादी विभागातून आलेला हर्षवर्धन सदगीर, माती विभागातून आलेला शैलेश शेळके. एक अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातला, नाशिककडून खेळणारा. दुसरा आपल्या शेजारच्या लातूरचा. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीत घडलेले. एकमेकांचे डाव दोघांना पाठ. सदगीरने ती कुस्ती 3-2 अशी जिंकली. गदा अजून हातात यायची होती, आणि त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. जिंकलेला पायी, हरलेला त्याच्या खांद्यावर. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर पोचलं.

तालीम आतून पाहिलेल्या माणसाला त्या छायाचित्रामागचं बाकीचं सगळं दिसतं. पहाटे दोघांनी शेजारी मारलेले जोर, एकाने दुसऱ्याच्या पाठीला केलेलं मालिश, पाळीने केलेला स्वयंपाक, बदाम वाटून केलेली थंडाई. मल्ल एकटा तयार होत नाही. त्याला रोज कुणीतरी खाली घ्यावं लागतं, आणि त्यानेही रोज कुणाला तरी खाली घ्यावं लागतं. जोडीदाराच्या अंगावरच डाव शिकायचे असतात, म्हणून ते अंग जपावं लागतं. तालमीत सराव करताना कुणाचा हात मुरगळला तर वस्ताद आधी मुरगळणाऱ्याला बोल लावतात.

पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्या धाराशिवला झाली. तिथेही सदगीर अंतिम कुस्तीपर्यंत आला आणि शिवराज राक्षेकडून हरला. गदा आज एकाच्या खांद्यावर, उद्या दुसऱ्याच्या. तालीम दोघांचीही तीच राहते.

त्याची किंमत

माणुसकी दाखवली की शेवटी भलंच होतं, असं मुलांना सांगायचा मोह होतो. ते खरं नाही, आणि मुलांना खरंच सांगावं. फेब्रुवारी 1980 मध्ये मुंबईत वानखेडेवर भारत आणि इंग्लंड यांचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. भारताचे कर्णधार होते गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात बाद झाले होते. अशात पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथना दिसलं होतं की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावलं. टेलरने 43 धावा केल्या, इयान बॉथमबरोबर 171 धावांची भागीदारी केली, आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला.

चांगुलपणाचं बक्षीस त्या दिवशी मिळालं नाही. तरीही त्या सामन्याची आठवण निघाली की मराठी माणसं बॉथमच्या शतकानंतर लगेच विश्वनाथांचं नाव घेतात. त्यांनी सामना सोडून दिला नव्हता. न मिळालेला गडी घेतला नाही, एवढंच.

हा फरक आपल्या फडातल्या माणसांना नेमका कळतो. आतून ठरवून केलेल्या लुटुपुटीच्या लढतीला इथे नुरा कुस्ती म्हणतात, आणि असे मल्ल फडातून हाकलून दिले जातात. दया म्हणून हरणं हा समोरच्याचा अपमान आहे. त्याला पूर्ण ताकदीने भिडायचं, नियमाबाहेर काही घ्यायचं नाही, आणि निकाल लागला की त्याला हात देऊन उठवायचं. करुणा म्हणतात ती खेळात एवढीच असते, आणि एवढी पुरते.

बिघडतं कुठे

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पंचांच्या निर्णयावरून गदारोळ झाला. एका मल्लाने संतापाच्या भरात पंचांना लाथ मारली, आणि दोन मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. निर्णय बरोबर की चूक यावर महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात न पडताही एक गोष्ट दिसते. एका कुस्तीवर गदा, गाडी, नोकरीची आशा, गावाची अब्रू आणि वडिलांनी काढलेलं कर्ज असं सगळं टांगलेलं असेल, तर त्या काही मिनिटांत माणूस फुटू शकतो. पहिल्याला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही, ही वाटणी आपणच केलेली आहे.

हीच वाटणी आता लहान गटांतही उतरली आहे. शालेय स्पर्धेतल्या गुणांवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण अवलंबून असतं, म्हणून पालक सीमारेषेवरून ओरडतात. पोरीने खो उशिरा दिला म्हणून तिच्याच संघातल्या मुलीची आई तिला बोलते. पंच म्हणून आलेला तरुण शिक्षक उन्हात दिवसभर उभा राहतो आणि संध्याकाळी शिव्या खाऊन घरी जातो. खेळाने शिकवलेली रीत प्रेक्षकच मोडतात, आणि मुलं मोठ्यांकडे बघून शिकतात.

वर्गणी देणाऱ्यांना

म्हणून ज्यांच्या हातात थोडंफार आहे, त्यांच्यासाठी हे शेवटचं. जत्रेच्या फडासाठी तुम्ही वर्गणी देत असाल, तर मानाच्या कुस्तीचं इनाम जिंकणाऱ्याच्या हातात सगळंच्या सगळं जाऊ देऊ नका. हरलेल्याला प्रवासखर्च आणि खुराकापुरतं मिळेल, असं आधीच ठरवा. तुल्यबळ कुस्ती लांबली आणि पंचांनी बरोबरीत सोडवली, तर कुरकुर करू नका, दोघांसाठी हलगी वाजवायला सांगा. शाळेला चषक देणार असाल, तर त्याच पैशात बूट, गुडघ्याचे पट्टे आणि मैदानावर दोन दिवे बसत असतील, तर दिवे द्या. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलगी खेळत असेल, तर हंगामाचे सहा महिने तिचा डबा कुणाच्या घरून येईल, ते दिवाळीआधी ठरवा. आणि सामना बघायला गेलात तर समोरच्या गावच्या पोरीने चांगला सूर मारला, की तिच्यासाठीही टाळी वाजवा.

कळंबच्या मैदानावरच्या मुली हे सगळं आत्ताही करतात. त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांच्याभोवती उभ्या असलेल्या आपण मोठ्या माणसांनी ते मोडू नये, एवढं आपल्या हातात नक्की आहे.